त्या दिवशी सिस्टर वडप्यातच थांबल्या

विमल तरे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिले ते टेमघरच्या आरोग्य केंद्रात. आशा सेविका म्हणून माझा पहिला आठवडा होता आणि एका बाळाच्या लसीच्या कार्डावर मी चुकीची तारीख लिहिली होती. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभी होते. सिस्टरांनी तारीख दुरुस्त केली आणि बाळाच्या आईला ते सांगायला मलाच पाठवले. काम असे शिकवणाऱ्या सिस्टर आज साठ वर्षांच्या होत आहेत.

निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग टाळणारी एचपीव्ही लस मुलींना द्यायचे ठरले, तेव्हा त्या आपणहून आमच्यासोबत आल्या. लाजेपायी दुखणे लपवून फार उशिरा आलेल्या बायका त्यांनी नोकरीत पाहिल्या होत्या.

वडप्याच्या शाळेतल्या मुलींची यादी मी केली. माझी सायली त्याच शाळेत सातवीला. पण तिचे नाव मी लिहिले नाही. सिस्टरांच्या ते लगेच लक्षात आले. लस घेतली की पुढे मूल होत नाही, असे गोदामात कामाला जाणाऱ्या बायका बोलत. ते खोटे आहे, हे मी दारोदार सांगत होते आणि स्वतःच्या लेकीपाशी माझाच धीर सुटला होता. मी सगळे कबूल केले.

"भीती वाटली तर विचार," त्या म्हणाल्या. "पण आपल्या पोरीला नको ते दुसऱ्याच्या पोरीला घे, असं कसं सांगशील?"

ही गोष्ट त्यांनी कोणालाही कळू दिली नाही.

लसीकरणाच्या दिवशी हर्षदा नावाची मुलगी सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडली. बाकीच्या मुली रडू लागल्या, फाटकाशी पालक जमले. सिस्टरांनी तिला आडवे केले, पाय उंच धरले. पोर सकाळपासून उपाशी होती. थोड्या वेळात तिने डोळे उघडले, शिबिरातल्या डॉक्टरांनीही तपासले. तोवर तिचे हमाली करणारे वडील संतापून आले होते.

"पोरीला काय झालं तं कोन बघनार?"

"मी बघेन. तुमच्या घरी येते. ती खेळायला लागेपर्यंत उठणार नाही."

सिस्टर खरोखरच गेल्या. त्यांच्याकडचाच भात जेवल्या. आळीतल्या बायका जमल्या, मनातले सगळे विचारू लागल्या. मूल होण्याचा प्रश्नही निघाला. या लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे त्यांनी न चिडता तीनदा समजावले. जे माहीत नव्हते ते डॉक्टरांना फोन करून विचारले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. संध्याकाळी हर्षदा अंगणात लंगडी घालू लागली, तेव्हा तिचे वडील हळूच म्हणाले, "सिस्टर, आता घरी जावा. पोर बरी हाय."

पुढच्या शिबिराला त्याच आळीतल्या बायका मुलींना जेवू घालून घेऊन आल्या. या वेळी यादीत सायलीचे नाव मीच लिहिले होते आणि तिला घेऊन आले होते. लस घेऊन ती अर्धा तास बाकावर बसली आणि कंटाळून घरी जाऊया म्हणू लागली. मला रडू आले. कितीतरी दिवसांचे ओझे उतरले होते. सिस्टर माझा हात धरून बसल्या.

सिस्टर, रक्तदाबाच्या गोळीची आठवण तुम्ही साऱ्या गावाला करता आणि स्वतःची मात्र विसरता. ती वेळेवर घ्या. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ज्यांना तुम्ही धीर दिलात त्या मुली मोठ्या, धडधाकट झालेल्या तुम्ही डोळे भरून पाहाव्यात, एवढेच आम्हा सगळ्यांचे मागणे आहे.