आडवी ती टिकली

लातूरकडच्या आमच्या पट्ट्यातला वाईनचा इतिहास काही पुराणातला नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाला. एका साली खायच्या द्राक्षांना बाजारात कुणी विचारेना, तेव्हा गावातल्या एका बड्या बागायतदाराने नाशिककडून वाईनच्या द्राक्षांची कलमं आणली. पहिल्या तोडणीला आमच्या बायकांनी ती जाड सालीची, बियांनी भरलेली द्राक्षं तोंडात टाकली आणि थुंकली. मग पत्र्याची शेड उठली, टाक्या आल्या, आणि बागायतदाराचा मालक झाला. मी बारावी शिकलेली, म्हणून त्याने मला बाटल्यांच्या गोदामावर देखरेखीला ठेवलं. हाताखाली गावातल्याच बायका होत्या. त्यांत माझी धाकटी जाऊही होती.

तेव्हा बाटलीला बूच असायचं. भरलेली बाटली आडवी ठेवली की वाईन बुचाला लागून राहते आणि बूच ओलं राहतं. उभी ठेवली तर बूच वाळतं, हवा शिरते आणि आत सिरका होतो. हे बायकांच्या डोक्यात बसावं म्हणून मी एक ओळ केली होती: आडवी ती टिकली, उभी ती मेली. बाटल्या रचताना त्या ती जात्यावरच्या ओवीसारखी म्हणायच्या. मालक पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायला आणायचा आणि मी फुगायचे.

गावाच्या फाट्यावर देशी दारूचं दुकान होतं, मालकाच्या मेव्हण्याचं. माझा दीर सकाळी चहाच्या आधी तिथे जायचा. जावेच्या पाठीवरचे वळ मी पाहिले आहेत. पाहून मी गप्प बसले, हेही इथे लिहून ठेवते. दुकान उठवायचा एकच रस्ता होता, बायकांचं मतदान. मताच्या चिठ्ठीवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. जाऊ दारोदार फिरली, सह्या आणि अंगठे गोळा केले. पण चिठ्ठीवरची चित्रं समजावायला तहसीलची माणसं आली तेव्हा आमच्या सगळ्या बायका तोडणीवर होत्या. द्राक्ष कुणासाठी थांबत नाही, असं म्हणून मालकाने एकीलाही सोडलं नाही. मी पेपरात वाचलेलं होतं. मला ठाऊक आहे म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे, असं मी धरून चालले.

मतदानाच्या दिवशी मालकाने स्वतःचा टेम्पो दिला. टेम्पो हलायच्या आधी तो फाळक्याशी आला.

"आपल्या मॅडमनं गोदामात शिकविलंय ना, तेच ध्यानात ठेवा बरं का," म्हणाला.

बायका हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आडवीच सांगतोय, मेव्हण्याच्या विरुद्ध जातोय, किती भला माणूस! ते हसू आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात निकाल सांगितला. उभ्या बाटलीची मतं जास्त निघाली. आणि माझ्या पाठीमागे आमच्या गोदामातल्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! जाऊ पदरात साखर बांधून आली होती, ती मूठमूठ वाटू लागली. एका पेपरवाल्याने फोटो काढला. माझ्या तळहातावर साखर ठेवून ती म्हणाली, "आक्का, लागला की निकाल! आता टाळं कधी लावतेत?"

"तू शिक्का कुठं मारलास?"

"उभीवर. जी मारायची तिच्यावरच मारायचा न्हाई का? आडवी तर टिकती. तुमीच शिकविलं की."

मी तिला खरं काय ते सांगितलं. उरलेली साखर तिने पदराला पुन्हा गाठ मारून बांधली आणि घरी स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला जाब विचारला. "म्या काय चुकीचं बोललो, मॅडम? तुमचंच वाक्य होतं," तो म्हणाला. नालायक माणूस! पुढे पुन्हा अर्ज करायचं ठरलं, तर सही करणारीचं काम जाईल अशी कुजबुज त्याने गावात सोडली. सह्या जमल्याच नाहीत. मी नोकरी सोडली. जावेला सोडता आली नाही, तिच्या पदरात दोन लेकरं होती. त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. दिराचं लिव्हर गेलं, आणि मग दीर गेला.

गेल्या हिवाळ्यात मालकाने कारखान्यात 'आपल्या वाईनचा इतिहास' असं एक दालन उघडलं. गावाला आमंत्रण होतं. जाऊ एकटी जायला तयार नव्हती म्हणून मी सोबत गेले. दारातच तांब्याचा एक बंब ठेवलेला, खाली पाटी: 'निजामकालीन मद्यपात्र'. असल्या बंबात माझ्या सासरी जन्मभर अंघोळीचं पाणी तापलं! मी हसणार होते, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर तो फोटो दिसला. हात वर केलेल्या बायका, मधोमध माझी जाऊ, मुठीत साखर. खाली लिहिलं होतं: 'वाईनला कौल! उभ्या बाटलीचा विजय साजरा करताना गावातील महिला.'

माझं डोकंच फिरलं. पुण्याचे पाहुणे उभे होते, तरी मी ओरडले, "हे आत्ताच्या आत्ता खाली काढा."

मालक गोड हसला. "फोटो खोटा हाय का, मॅडम? हसायल्यात की न्हाई बायका?"

फोटो खोटा नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी फ्रेमला हात घातला. जावेने माझं मनगट धरलं. ती फोटोच्या अगदी जवळ गेली होती आणि स्वतःच्याच तोंडाकडे बघत होती.

"राहू द्या, आक्का," ती म्हणाली. मग मालकाकडे वळली. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर तिने मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

"साहेब, ह्याची एक कापी मला पायजे. खालचं लिवलेलं तेवढं कापून द्या. ह्याच्याआधी न्हाई, ह्याच्यानंतर न्हाई, माझा हसताना फोटोच न्हाई."