योग्य उमेदवार आढळला नाही

विविधता हा विद्यापीठाचा प्राण आहे, असं मी स्वतः लिहिलेलं आहे. चंडीगढच्या आमच्या विद्यापीठाच्या विविधता धोरणात, दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर कुलगुरूंचा फोटो आहे.

ते काम माझ्याकडे आलं, कारण समाजशास्त्र विभागाच्या कायम प्राध्यापकांत मी एकटा मराठी. जातीनं ब्राह्मण, तरी पंजाबी सहकाऱ्यांच्या लेखी मी विविधतेत मोडत होतो. त्याच न्यायानं निवड समितीवरही मला घेतलं.

विभागात अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती. उमेदवारांत आमचीच एक कंत्राटी अध्यापिका होती, परभणीकडची. सात वर्षं आमच्याकडे शिकवत होती. मे महिन्यात तिचं कंत्राट संपणार होतं. ही जागा मिळाली नाही तर तिला गावी परतावं लागणार, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी चहा ढवळत तिला विचारलं, "आप तो महाराष्ट्र से हैं. यहाँ की ठंड में एडजस्ट हो पाएँगी?"

"सात सर्दियाँ हो गईं, सर."

सगळे हसले. मीही. तिच्या संशोधनाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आमच्याकडे निकालाचा कागद मुलाखतीआधीच टाइप होऊन येतो. त्यावर होतं: 'योग्य उमेदवार आढळला नाही.' ती बाहेर गेल्यावर मी म्हटलं, "पढ़ाती तो बहुत अच्छा है."

"अच्छी है जी, बिल्कुल अच्छी है," अध्यक्ष म्हणाले. "अगली बार पक्का." आणि पेन माझ्याकडे सरकवलं. पुढच्या वर्षी विभागप्रमुखपदासाठी माझं नाव त्यांच्यापुढे जाणार होतं. मी सही केली.

निकाल लागला त्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, मी कुठं कमी पडले तेवढं सांगा."

"कुठंच नाही."

"मग तेच लिहायचं होतं की."

मी घड्याळ पाहिलं. मला मीटिंग होती, हे खरं आहे, विविधता समितीचीच.

मेअखेर ती गेली. सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर तिला सोडायला दोन विद्यार्थिनी गेल्या होत्या, असं कानावर आलं. जुलैमध्ये तिचे तास आमच्यात वाटले गेले. माझ्या वाट्याला 'सामाजिक विषमता' हा पेपर आला. तिच्या टिपणांच्या झेरॉक्स मुलांकडे होत्याच, त्यामुळे मला फारशी तयारी करावी लागली नाही.