डोक्यावरचा दिवा

डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती हा माझा धंदा. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून दिवसभर सायकल हाणायची, आणि त्याचा पगार मला एक संघ द्यायचा. गावात हे कुणाला पटायचं नाही. ‘सायकल तर पोस्टमनबी चालवितो,’ असं आबा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत म्हणायचे आणि माझं टाळकं सरकायचं.

त्या साली हिमालयातल्या एका मोठ्या शर्यतीआधी मी घरी आलो होतो. संघानं तोंडावर सांगितलेलं, पहिल्या दहात आलास तर ठेवू, नाहीतर रामराम. वय तिशीला टेकलेलं. ही शर्यत हुकली की माझं संपलं, हे मला पक्कं माहीत होतं. तेर गावाजवळच्या आमच्या शेतवस्तीवरून दुपारी निघायचं, माळ ओलांडून डोंगराला भिडायचं आणि उन्हं उतरली की परतायचं, असा सराव चालला होता.

तेव्हा गावोगाव ड्रोनची आवई उठलेली. चोर म्हणे आधी आभाळात दिवे सोडून घरं हेरतात, मग येतात. काय बोलायचं आता! वस्तीवस्तीवर म्हातारेकोतारेसुद्धा काठ्या घेऊन राखणीला बसायचे. आई रोज बजावायची, ‘दिवस बुडायच्या आत ये रं बाबा.’ पण त्या दिवशी खडकावर टायर कापला, आतून ठिगळ लावत बसलो आणि अंधार पडला. मग हेल्मेटवरचा दिवा लावला आणि उतारावरून सुसाट सुटलो.

आमच्या वस्तीजवळ आलो तशा शिट्ट्या वाजल्या. ‘आला रं, आला!’ असा ओरडा उठला. शर्यतीत वाटेवर उभे राहिलेले लोक असंच ओरडतात हो! मला वाटलं, चला, गावाला एकदाची अक्कल आली. मी येड्यागत हात वर केला.

पहिला धोंडा बरगडीत बसला. सायकल एकीकडं, मी एकीकडं. उठायच्या आत काठ्या सुरू झाल्या. पाठीवर, मांड्यांवर, हेल्मेटवर ताडताड. तोंडात माती, नाकातून रक्त. कुणीतरी पोटात लाथ घातली. ‘मुडदा पाडा ह्येचा!’ हा आवाज माझ्या चुलत्याचा. आणि त्याच्या शेजारी काठी उगारलेले आबा. माझ्याच दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड मला लख्ख दिसलं. असला माणूस मी आमच्या घरात कधी बघितला नव्हता. मी जीव खाऊन ओरडलो, ‘आबा! म्या हाय, आबा!’

काठी खाली आली. खांद्याजवळचं हाड काडकन मोडलं.

चुलत्यानं हेल्मेट ओढून काढलं. ‘आरं द्येवा, ह्यो तर आपलाच!’ बाकीचे बघता बघता पांगले. धाराशिवच्या दवाखान्यात हाडात प्लेट बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं की सायकलला चार महिने शिवायचं नाही. शर्यत गेली. संघाचा फोन आला, गोड गोड विचारपूस झाली आणि त्यांनी मला नारळ दिला. फोन ठेवून मी उशीत तोंड खुपसून रडलो.

भेटायला येईल त्याला आबा सांगत होते, ‘सायकलवरनं पडला.’ मी दोनचार जणांपुरतं ऐकून घेतलं. मग खोलीत आम्ही दोघंच उरल्यावर माझं डोकं फिरलं.

‘पडला व्हय? सांगा की लोकांला, तुमच्या काठीनं खांदा मोडला म्हणून!’

‘अंधारात मला काय म्हाईत, तू हायस ते.’

‘मंग चोर आसता तर चाललं आसतं? आन् म्या हाक मारली, ती ऐकू आली न्हाय तुमाला?’

आबा पलंगाच्या कडेला बसले. ‘न्हाय आली’ म्हणाले असते तर मी विषय तिथंच सोडला असता.

‘आली,’ ते म्हणाले. ‘आवाजबी वळखला. पर काठी वर गेल्ती, आन् मला मारायचंच व्हतं.’