तुसड्या म्हाताऱ्याची नजर

गेल्या हिवाळ्यात माझा बाहुला काम शोधत होता. काम मी शोधत होते असं म्हणणं जास्त खरं ठरेल, पण माझ्या मनात ती गोष्ट कधी तशी उमटलीच नाही. माझ्या उजव्या हाताच्या कोपरापर्यंत तो होता; तिथून पुढे मी सुरू व्हायचे. रोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत उताणा पडलेला असे. खिडकीबाहेर कापणी झालेल्या भातखाचरांवर धुकं साचलेलं असे, आणि त्या पांढुरक्या ओलीत मला त्याचं पुटपुटणं ऐकू येई: हे काय हवामान आहे, ही काय बस आहे, आणि या वयात मला कुठे नेते आहेस.

त्याचं डोकं कागदाच्या लगद्याचं. माझी थोरली बहीण पेणजवळच्या जोह्याला दिली आहे. तिच्या घरचा गणपतींचा कारखाना आहे आणि ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. तिथलाच लगदा घेऊन मी हा चेहरा थापला होता. मला हवा होता एक प्रेमळ आजोबा. पण दमट हवेत सुकताना त्याच्या ओठाची डावी कड खाली ओघळली, भुवया जड होऊन कपाळाला लोंबल्या, आणि ओल्या लगद्यातून एक वैतागलेला म्हातारा हळूहळू वर आला. बहिणीने त्याला चौरंगावर ठेवलं, स्वतः खाली मांडी घातली, आणि गणपतीचे काढते तसेच एका श्वासात त्याचे डोळे काढले. अंगरखा मी माझ्या यजमानांच्या जुन्या गणवेशाचा शिवला. धाटावच्या रसायनांच्या कंपनीचा तो आंबूस, किंचित जळका वास किती धुतला तरी त्याच्या बाह्यांतून गेला नाही.

रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या आणि आसपासच्या अंगणवाड्यांत आम्ही खेळ करायचो. त्याला काहीच आवडत नसे. केळं वाकडं आहे म्हणून नको, सात हा आकडा आगाऊ आहे म्हणून नको. मुलं त्याची समजूत घालायची, बोटं मोजून दाखवायची. तो शिकायला नकार द्यायचा आणि त्याला शिकवता शिकवता मुलंच शिकून जायची. मग अंगणवाड्यांच्या भिंतींवर टीव्ही आले. मुलांनी माना वर केल्या त्या वरच राहिल्या, आणि आमची बोलावणी थांबली. पिशवी खुंटीवर राहू लागली. येता-जाता तिच्यातून बाहेर डोकावणारी ती बाही बघितली की माझ्या तळहातात एक रिकामी ऊब जागी व्हायची. हा असाच लोंबकळत विरणार, असं वाटायचं.

म्हणून, मुलांसाठीच्या एका शैक्षणिक वाहिनीला बोलक्या बाहुल्या हव्या आहेत आणि त्यांची माणसं पेणच्या एका सभागृहात निवड करणार आहेत, असं कळलं तेव्हा मी त्याला खुंटीवरून उतरवलं. मुलं भिंतीकडे बघत असतील, तर त्यानेही भिंतीत जावं.

सभागृहात ससे होते, पोपट होते, गुलाबी गालांची एक छत्री होती. सगळे हसत होते. निवड करणारी मुलगी तरुण होती, आवाजाने मऊ. कॅमेरा तिपाईवर माणसाच्या उंचीला उभा होता. माझा म्हातारा बोलू लागला आणि ती पडद्याकडे बघत कोड्यात पडली.

"हे आजोबा बघतात कुठे, ताई?"

"तुमच्याकडेच," मी म्हणाले.

"नाही हो. खाली बघताहेत. कॅमेरा त्यांच्या खिजगणतीत नाही." मग ती जरा संकोचली. "शिवाय इतका चिडका चेहरा मुलांना… थोडं हसरं करता येईल? डोळेही जरा वर. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा येणार आहोत, तेव्हा आणा."

परतीची गाडी मी सोडून दिली आणि तशीच जोह्याला गेले.

बहिणीच्या कारखान्यात दुपार नेहमीच पांढरी असते. न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा, हवेत तरंगणारी पांढरी भुकटी, रंगाचा ओलसर गोड वास. कुणाच्या तरी वाडीत पोपटीचं मडकं जाळावर चढलं असावं. भांबुर्ड्याच्या पाल्याचा कडवट धूर आणि वालाच्या शेंगांचा वाफाळलेला गंध मध्येच आत येऊन जात होता. चारपाच बायका खाली बसून काम करत होत्या. मी पिशवी उघडली आणि सगळं सांगितलं.

"चूक माझीच हाय गो," बहीण म्हणाली. "हाताला गणपतीची सवय. म्होरं खाली बसलेल्या माणसाकडं बघतील असेच डोळे उतरतात. आन, पुसते."

तिने त्याला चौरंगावर ठेवलं, खाली बसली, ओलं फडकं उचललं. आणि तिचा हात हवेतच थांबला.

"काय झालं?"

"बघतोय ना." तिने फडकं खाली ठेवलं. "उघडलेले डोळे मी आजवर मिटले नाय. याला बोलता कर, म्हंजे माझा धीर होईल."

मी मागे उभी राहिले, हात आत घातला.

"पुस बाई, पुस," तो खेकसला. "एवीतेवी बघण्यासारखं इथे आहे काय?"

बायका खळखळून हसल्या. "आमी हाव की रं म्हाताऱ्या," एकजण म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

हसू ओसरलं तशी बहीण माझ्याकडे बघत राहिली. "तू याच्या म्होरं कधी बसलीस गो?"

मी बसले नव्हते. बसणार कशी? तो बोलतो तेव्हा मी त्याच्या मागे असते. त्याचा चेहरा माझ्या हाताला पाठ होता. डोळ्यांनी मी त्याची ओळखत होते ती मान, टकलामागचे लोकरीचे केस. बहिणीने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि आपला रंगाने डागाळलेला हात त्याच्यात घातला. तो अडखळत हलला, मान तिरकी केली, आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याचं वर्णन मला अजून नीट जमत नाही. ओठ वैतागलेले होते, भुवया रागावलेल्या होत्या. पण त्यांच्याखालून एक स्थिर, ओली नजर माझ्यापर्यंत उतरत होती, भरतीचं पाणी मिठागराच्या वाफ्यात शिरतं तशी, घाई न करता. साऱ्या जगावर त्याचा राग होता आणि त्या जगात आत्ता मी एकटीच बसले होते. इतकी वर्षं अंगणवाडीतली पोरं त्याच्या तोंडचं एवढं ऐकूनही पुढे पुढे का सरकायची, ते मला तिथे, त्या भुकटीने माखलेल्या जमिनीवर कळलं.

"नको पुसू," मी म्हणाले.

"काम जाईल त्याचं."

"जाईल कदाचित."

पुढच्या आठवड्यात मी त्याला होता तसाच घेऊन गेले. पिशवीतून काढून त्याच्या आत हात घातला. त्या मुलीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हसरा नाही केलात."

"कॅमेरा खाली घेता येईल? जमिनीवर?"

कॅमेरावाल्याने तिच्याकडे बघितलं. "आता लोळायचं का मी?" असं म्हणत त्याने तिपाई मिटली, मांडी घातली आणि कॅमेरा पोटाशी धरला. ती मुलगीही, बहुधा माझ्या वयाचा मान म्हणून, त्याच्या शेजारी फरशीवर बसली.

म्हाताऱ्याने दोघांना निरखलं. "खुर्च्या विकून खाल्ल्यात वाटतं?"

तिला हसू आलं. ते दाबत ती म्हणाली, "आजोबा, तीन आणि चार किती?"

"मला येत नाही. आलं असतं तरी तुला सांगितलं नसतं."

"सात होतात."

"सात मला चालत नाही. आगाऊ आकडा आहे. दुसरा दे."

आणि ती बोटं वर करून त्याला समजावू लागली. आधी तीन, मग चार. तो मान फिरवे, ती गुडघ्यांवर पुढे सरके. मी त्याच्या मागे होते, मला फक्त लोकरीचे केस आणि त्यांच्यापलीकडे तिचा वर उचललेला चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावरून वय उतरत गेलं. कॅमेरावाला हळूच म्हणाला, "मॅडम, हे चालू आहे बरं का." तिने ऐकलं नाही.

त्याला काम मिळालं. मोठं नाही, अंक शिकवणाऱ्या कार्यक्रमात मधूनमधून येऊन शिकायला नकार देण्याचं. त्याचा मुक्काम आता चित्रीकरणाच्या जागी, झाकणाच्या पेटीत असतो. बोलावणं आलं की मी जाते, त्याच्या आत शिरते, आणि संध्याकाळी मोकळा हात घेऊन रोह्याला परत येते. ती कापडी पिशवी आता भाजीला वापरते. तिला अजून त्याच्या बाह्यांचा वास आहे.

तो टीव्हीवर पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मुद्दाम जोह्याला गेले होते. कारखान्यातला टीव्ही उंच फळीवर, दोन मूर्तींच्या मध्ये असतो. बायका खाली बसल्या होत्या, मीही त्यांच्यात बसले. तो उगवला, सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "काय बघताय? कामं नाहीत?"

बहिणीचा कुंचला एका गणपतीच्या पापणीवर होता. तो तिने उचलला नाही. "हायत की," ती म्हणाली. "तुला आत्ता मिळालं म्हणून उड्या नको मारू."

तो काहीतरी पुटपुटला. मांडीवर माझी बोटं आपोआप हलली, आणि मी तशीच वर बघत राहिले.