कडकमावशींच्या दोऱ्या

कडकमावशींना हे नाव कपड्यांना घालायच्या खळीवरून पडलं की जिभेवरून, यावर गल्लीत दोन पक्ष होते. नवऱ्याच्या माघारी चोवीस वर्षं त्या लाँड्री चालवत होत्या. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन इस्त्री लावायच्या, तिच्यावर पाण्याचा थेंब उडवायच्या आणि तो कसा चुरचुरतो ते ऐकून कुठलं कापड आधी घ्यायचं ते ठरवायच्या. इस्त्रीवरचं उष्णतेचं बटण त्यांच्या मते नुसतं शोभेचं होतं.

दुकानामागं मोकळा प्लॉट होता. मालकी वीज कंपनीची. पण त्यावर मावशींच्या कपडे वाळवायच्या अकरा दोऱ्या, म्हणून गल्लीच्या लेखी तो मावशींचाच. तिथं आता खोलीएवढ्या लोखंडी कपाटांतून बॅटऱ्या बसणार होत्या. दिवसाची उन्हाची वीज त्यांत साठवायची आणि संध्याकाळी सात ते नऊ लाइट जाते तेव्हा ती घरांना द्यायची. त्याला गल्लीची संमती हवी, म्हणून रविवारी शाळेत बैठक होती.

कंपनीची इंजिनीअर मुलगी बैठकीच्या दीडशे पत्रकांचा गठ्ठा मावशींच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे सगळी गल्ली येते. एकेक द्याल ना?"

"ठेव तिथं," मावशी म्हणाल्या. 'देईन' म्हणाल्या नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. गप्प बसायची होती. बैठकीला कोणी फिरकलंच नाही तर दोऱ्या वाचतील, असा त्यांचा बेत. ती गेल्यावर गठ्ठा टेबलाखाली गेला.

इस्त्री झालेल्या शर्टाच्या पोटात पुठ्ठा घालून घडी करायची, ही मावशींची जुनी रीत. घड्या घालायचं काम सूनबाईचं. शनिवारी गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेल्यावर मावशींनी सहज विचारलं, "पुठ्ठे आणलेस वाटतं?"

"कुठले आणतेय. बुधवारीच संपले. टेबलाखाली जाड कागद होते ना, ते घातले. मस्त बसतात."

"किती घातलेस?"

"सगळे."

मावशींनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "त्यावर काय छापलंय ते बघितलंस?"

"बॅटरीचं काहीतरी. का, चुकलं का काही?"

"नाही," मावशी इस्त्री परत उचलत म्हणाल्या. "घडी चांगली आलीय."

रविवारी शाळेतले बाक पुरले नाहीत. मावशी पहिल्या बाकावर बसल्या आणि मागं वळून बघतात तर ओळीनं त्यांच्याच हातचे कडक शर्ट.

आधी निवृत्त मास्तर उठले. "या बॅटऱ्या पेटल्या तर? माझ्या मोबाइलचीच फुगली होती."

मुलीनं फळ्यावर आलेख काढला. मास्तर आलेखाकडं आणि बाकीचे मास्तरांकडं बघत राहिले. मावशींना राहवेना.

"ते पुसून टाक बाळ. बॅटरी तापलीय हे तुला कळतं कसं, ते सांग. हात लावून बघतेस?"

"नाही मावशी. प्रत्येक कपाटात उष्णता मोजणारं यंत्र असतं. जास्त तापलं की ते कपाट आपोआप बंद होतं. तरी धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून तर घरांपासून अंतर ठेवतो आणि मध्ये भिंत घालतो."

हे मावशींना पटलं. इस्त्री कधी जाळतच नाही म्हणणाऱ्याच्या हाती त्यांनी रुमालसुद्धा दिला नसता.

"बरं. आणि माझ्या दोऱ्या?"

मुलीनं नकाशा उलगडला, जवळ धरला, लांब धरला. "नकाशात दोऱ्या नाहीत."

"काढला त्या दिवशी चादरी वाळत नसतील."

सगळे हसले. मास्तर मात्र चिडले. "तुमच्या दोऱ्यांपायी आम्ही अंधारात बसायचं का, मावशी?"

"मास्तर, तुमच्या पँटी काय गच्चीत वाळतात? आणि सात ते नऊ मीही अंधारातच बसते, गार इस्त्री घेऊन. मी बॅटरी नको म्हणत नाही, दोऱ्या मागतेय." मग खाली बघत त्या म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. ती पत्रकं मी दडवून ठेवली होती."

"दडवली कुठं? माझ्या शर्टात निघालं की," मास्तर म्हणाले.

"ती सूनबाईची कृपा. माझ्या मनात द्यायचं नव्हतं. देवानं नेमके पुठ्ठे संपवले."

मुलगी हसू दाबत नकाशावर बोट फिरवत होती. "भिंतीच्या अलीकडं, दुकानाला लागून एक पट्टा सुटतोय. सहा दोऱ्या बसतील. पण वरून मंजुरी आणावी लागेल, आत्ता शब्द देत नाही."

"अकराच्या सहा," मावशी पुटपुटल्या. मग मास्तरांच्या खिशातलं पत्रक काढून त्यांनी उलटं केलं. "मागं कोरं आहे. दोऱ्यांचं लिही, खाली मी संमतीची सही करते."

मावशींनी सही केली, तसे मास्तर उठले. त्यांच्यामागं रांग लागली.

पंधरा दिवसांनी मंजूर नकाशा आला. भिंतीच्या अलीकडं सहा बारीक उभ्या रेघा होत्या. मावशींनी चष्मा पुसून तो दोनदा बघितला, मनात हात जोडले आणि परत मुलीच्या हातात दिला.

"वारा इकडून येतो," त्या म्हणाल्या. "रेघा आडव्या काढून आण."