तिकडचं सॉरी

दाताच्या दवाखान्यात तिला सगळे चूळमावशी म्हणायचे. डॉक्टरांनी दाढ कोरून हात मागे घेतला रे घेतला, की पेशंटच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा आणि ‘चूळ भरा’ म्हणायचं, हे तिचं काम. इतक्या लोकांना तिने चुळा भरायला लावल्या होत्या, की रस्त्यात भेटलेली माणसं तिला पाहून आधी तोंड मिटायची आणि मग ओळख द्यायची. हत्यारं उकळणं, लाळ ओढायची नळी धरणं, घाबरलेल्याच्या खांद्यावर हात ठेवणं, हेही तीच करायची. पण नाव पडलं ते चुळीवरून. पडलं तर पडलं, तिला त्याचं काही वाटायचं नाही.

वाटायचं ते जावयाचं. एकुलती एक लेक शिकायला म्हणून परदेशी गेली आणि बरोबर शिकणाऱ्या आफ्रिकेतल्या एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा हसरा, नम्र आणि उंच. इतका उंच, की लग्नाच्या फोटोत लेकीचा चेहरा नीट आलाय आणि त्याची नुसती हनुवटी. मावशीची काही तक्रार नव्हती. अडचण एवढीच, की त्याला मराठी येत नव्हतं आणि मावशीचं इंग्रजी दवाखान्यातल्या खुर्चीपाशी संपायचं. ओपन, क्लोज, स्पिट. आता यातलं जावयाला काय म्हणणार, सांगा.

फोनवर तो विचारायचा, ‘हाऊ आर यू, मा?’ ही म्हणायची, ‘फाइन.’ मग दोघंही अदबीने गप्प. मग लेक मध्ये पडायची आणि तिकडचं इकडे, इकडचं तिकडे करायची. लेकही कसली वस्ताद. आईने मायेने घोळून घोळून बोलावं आणि हिने त्याचं दोन शब्दांत उरकावं. आपली निम्मी माया ही मधल्यामध्ये गिळते, असा मावशीला दाट संशय होता. लेक मध्ये नसताना जावयाशी एकदा तरी मनातलं बोलायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती होत नव्हती म्हणून जीव तुटायचा.

बरं, घरात इंग्रजी नव्हतं असंही नाही. चांगलं उतू जात होतं. यजमान, म्हणजे काका, एका मोठ्या कचेरीत टायपिस्ट होते. साहेबांची पत्रं टाइप करता करता निवृत्त झाले. पण काकांचं सगळं इंग्रजी पत्रातलं. जावयाचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी घसा साफ करून ‘वी आर इन रिसीट ऑफ युअर कॉल’ अशी सुरुवात केली आणि ‘युअर्स फेथफुली’ म्हणून फोन ठेवला. जावई बिचारा लेकीला विचारत बसला, तुझे बाबा माझ्यावर रागावलेत का म्हणून.

शेवटी मावशीने जवळच्या कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ‘आफ्रिकी साहित्यातून इंग्रजी’ असा वर्ग होता. बाकीची पोरंपोरी त्यात आली होती, कारण इंटरव्ह्यूच्या इंग्रजीचा वर्ग भरून गेला होता. मावशी आली होती, कारण मुलगी देताना जावयाचं घर बघायचं राहून गेलं होतं. तेवढंच भाषेबरोबर तेही बघून होईल, असा तिचा हिशेब.

आणि तिने खरंच तसंच वाचलं. कादंबरी होती एका खेड्यातल्या मोठ्या कुटुंबाची. एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा आहे, एवढ्या सवडीत उकळत्या हत्यारांशेजारी उभी राहून ती पानं उलटायची. अडलेला शब्द डॉक्टरांना विचारायची. त्यांनाही आला नाही तर ‘असू दे, तुम्ही दातांचे आहात’ म्हणून समजूत काढायची. पाणी घराजवळ आहे का, भावाभावांचं पटतं का, सासू सुनेला किती बोलते, सगळी चौकशी चालली होती. जावयाचं गाव त्या गावापासून किती लांब, याची तिला काही कल्पना नव्हती, पण घर पसंत पडत चाललं होतं. एवढ्यात पुस्तकात आत्या आली.

वर्गात मॅडमनी विचारलं, या आत्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? एक मुलगा म्हणाला, ती परंपरेचं प्रतीक आहे. एक मुलगी म्हणाली, ती शोषणाचं प्रतीक आहे. मावशी उठली. बाकात गुडघे अडकले होते, त्यामुळे बाकही थोडा उठला.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘ती बाई धड नाही.’

‘का हो मावशी?’

‘अहो, पोरगं ठेचकाळलं, ही सॉरी म्हणाली. शेजारणीचा हात भाजला, हीच सॉरी. म्हाताऱ्याला ठसका लागला, तरी हीच. आता मला सांगा, काही केल्याशिवाय माणूस उगाच सॉरी म्हणतं का? ढकललं असणार हिनेच. ती आली त्या पानापासून मला संशय होता.’

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले, पण बाई भली, तिने मावशीला खाली नाही बसवलं. ‘मावशी, तिकडे बऱ्याच ठिकाणी सॉरी म्हणजे माझं चुकलं, एवढंच नसतं,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला लागलं, ते मला समजलं, मला वाईट वाटलं, यालाही ते सॉरीच म्हणतात. आपण ‘अगं बाई, लागलं का रे बाळा’ म्हणतो ना, तसं. तिने काही केलेलं नाही.’

मावशी खाली बसली ती ओशाळून. एका निरपराध बाईवर आपण नाही नाही ते आळ घेतले. तिने मनातल्या मनात आत्याला सॉरी म्हटलं. म्हणजे आपलं, इकडचं.

आता नवा शब्द मिळाल्यावर माणूस तो कपाटात ठेवतो होय? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एका वकिलाच्या हिरडीत सुई टोचली. वकील कळवळला आणि मावशी अगदी पोटातून म्हणाली, ‘सॉरी.’ वकिलाने तोंडातला कापूस काढला. ‘सॉरी का? चुकीच्या दाढेत दिलंत का?’ डॉक्टर म्हणाले, नाही. वकील म्हणाला, मग या का सॉरी म्हणाल्या? मावशी त्याला आफ्रिकी साहित्य समजावून सांगायला लागली, तोवर वकिलाची अर्धी जीभ बधिर झाली होती, म्हणून थोडक्यात निभावलं.

पेशंट गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘मावशी, तुम्ही मला एक दिवस कोर्टात उभं कराल. चूळ भरा म्हणा, दुसरं काही म्हणू नका.’ आता यात डॉक्टरांचं तरी काय चुकलं.

घरीही तेच. काकांचं कोपर कपाटावर आपटलं, ही म्हणाली ‘सॉरी.’ काका कोपर चोळत म्हणाले, ‘तू काय केलंस? सॉरी हा कबुलीजबाब असतो. आणि तसंही कचेरीत तो शब्द चालत नाही. रिग्रेट लिहितात.’ काकांना अनुभव दांडगा. लग्न झाल्यापासून तो शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही; आणि वापरायच्या संधी काही थोड्या आल्या नव्हत्या. मावशी हिरमुसली आणि तिने शब्द गुंडाळून ठेवला.

मग एका सुट्टीच्या सकाळी लेकीचा फोन आला. जावयाची आई गेली होती, ध्यानीमनी नसताना. लेक तिकिटांच्या धावपळीत बाहेर होती, तो घरी एकटा होता. ‘आई, मी पोचेपर्यंत त्याच्याशी बोल ना काहीतरी,’ लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

लेक मध्ये नसताना बोलायचं होतं ना, घे आता. पण ते असं नको होतं हो तिला.

काका हातपाय गाळून बसणाऱ्यांतले नव्हते. ते मसुदा करायला बसले. ‘वी हॅव नोटेड विथ डीप रिग्रेट द कंटेंट्स ऑफ युअर सॅड न्यूज.’ कुणी हसू नये. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते. दुःख झालं तरी ते कसं लिहायचं, हे त्यांना तेवढंच माहीत होतं. त्यांनी कागद मावशीच्या हातात दिला आणि तिने फोन लावला.

‘हॅलो, मा,’ तो म्हणाला. त्या आवाजासरशी वर्गातली सगळी वाक्यं पळाली. कागदावरची अक्षरंही दिसेनात.

‘सॉरी,’ मावशी म्हणाली.

काका हातवारे करून कुजबुजत होते, ‘अगं, रिग्रेट, रिग्रेट.’

‘सॉरी, बाळा. सॉरी.’ बाळाचं इंग्रजी काही तिला सुचलं नाही.

तेव्हा तो रडला. एवढा उंच मुलगा, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग बोलायला लागला. मावशीला निम्मं कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. परदेशी निघताना विमानतळावर त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, तर त्याची आई सगळ्यांदेखत खाली वाकून ती बांधायला लागली. त्याला लाज वाटली आणि त्याने पाय मागे घेतला. तेवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तो थांबला की मावशी म्हणायची ‘सॉरी,’ आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, ‘थँक यू, मा.’

बऱ्याच वेळाने त्याने नाक ओढत विचारलं, असं सॉरी म्हणायला तुम्हाला कुणी शिकवलं?

‘आंटी,’ मावशी म्हणाली. ‘आंटी इन द बुक.’ आणि आत्यावर घेतलेल्या आळाचा मनावर भार होताच, म्हणून जोडून दिलं, ‘शी डिड नॉट पुश.’

त्याला काही कळेना. मग मावशीने सांगितलं. बॉय फॉल. आंटी सॉरी. आय थिंक आंटी पुश. क्लास लाफ. ओपन-क्लोज-स्पिटवाल्या बाईने एक अख्खी गोष्ट इंग्रजीत सांगितली, व्याकरणाचं काय झालं ते झालं. आणि तो हसला. रडता रडताच हसला, आणि म्हणाला, माझी आईसुद्धा हे ऐकून हसली असती.

तेवढ्यात तिकडे दार वाजलं. लेक घरात शिरली ती नवऱ्याच्या रडण्याच्या तयारीने, आणि हा फोनवर हसतोय. तिने फोन हिसकून घेतला. ‘आई, काय सांगितलंस तू त्याला? थांब, मी नीट सांगते.’

‘नको,’ मावशी म्हणाली. ‘आमचं झालंय बोलून.’

फोन ठेवला आणि मग मात्र तिला रडू फुटलं. कधी न पाहिलेल्या त्या विहीणबाईसाठी, त्या नाडीसाठी. काकांनी मसुद्याची घडी घातली, खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली. शेवटी तिच्या शेजारी येऊन बसले.

‘सॉरी,’ काका म्हणाले.

मावशीने डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. ‘कुठलं?’

काकांनी जरा विचार केला. ‘तिकडचं.’

‘बरं,’ ती त्यांच्या खांद्याला टेकत म्हणाली. ‘इकडचं बाकी आहे, विसरू नका.’