आईनं मला विचारलं होतं

आमचं ऑफिस उघडलं त्या दिवशी आई मुकुंदवाडीतून दोन रिक्षा भरून बाया घेऊन आली. सगळ्या आमच्याच गल्लीतल्या, बुद्धविहारात येणाऱ्या. पौर्णिमेला नेसतात तशा पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. ऑफिस म्हणजे जालना रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. फरशी नवी म्हणून बायांनी चपला जिन्यातच काढल्या. मी म्हटलं, “अहो, घालून या.” तर एक म्हणाली, “असू दे, लेकीचं पहिलं हापिस हाय.”

धंदा मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण मिळून काढला होता. मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला होते, ती बँकेत. दोघींनीही नोकरी सोडली. ज्यांना क्रिप्टो घ्यायचं आहे त्यांना नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर खातं काढून द्यायचं, व्यवहार समजावून सांगायचे, वर्षाच्या शेवटी कर भरून द्यायचा आणि या सगळ्याची फी घ्यायची, असं आमचं काम. शहरात त्या सुमारास जो तो कॉइनबद्दल बोलत होता आणि कुणाला धड काही कळत नव्हतं. आम्हाला वाटलं, कळणाऱ्या माणसांना इथं जागा आहे.

त्या दिवशी मी एक छोटं भाषण केलं. खोट्या योजना कशा ओळखायच्या, हाच विषय. रोजचा ठरलेला नफा कुणी कबूल केला तर समजा गडबड आहे. नफा नाण्याच्या भावातून येतोय की नवीन माणसांच्या पैशातून, हे विचारा. नवीन माणसं यायची थांबली तर तुमचे पैसे कोण देणार, हे विचारा. मुद्दे बरोबर होते, पण मी ते रिटर्न, लिक्विडिटी, रेग्युलेटेड असल्या शब्दांत गुंडाळून सांगितले, कारण समोर खुर्चीत एक प्लॉटिंगवाले साहेब बसले होते आणि ते आमचे पहिले मोठे ग्राहक होणार होते. आई पहिल्या रांगेत बसून सारखी मान हलवत होती. मला वाटलं, तिला कळतंय. आज वाटतं, आपली पोरगी चारचौघांत उभी राहून बोलते आहे, एवढ्यालाच ती मान हलवत होती.

पेढे वाटताना तिनं मला खिडकीपाशी ओढलं आणि फोन पुढं केला.

“हे बघ बरं जरा. शेजारच्या काकूच्या भाच्यानं धाडलंय. ही पण तुमच्यासारखीच कंपनी हाय का? माणूस जोडला की पैसे देतेत म्हणं.”

मी पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, निळा पडदा आणि त्यावर गोल गोल फिरणारं एक सोनेरी नाणं दिसलं. प्लॉटिंगवाले साहेब निघायला उठले होते.

“रेफरल असेल आई. असतं ते. आमच्याकडं पण आहे.”

“मंजी खरं हाय?”

“हो गं, सगळीकडं असतं. नंतर बघू.”

नंतर मी बघितलं नाही.

आमच्याकडं रेफरल होतं हे खरंच. जुन्या ग्राहकानं नवीन ग्राहक आणला तर जुन्याला त्या वर्षीच्या फीमध्ये सूट, एकदाच. नवीन माणसानं पुढं कुणाला आणलं तर पहिल्याला त्यातलं काही मिळत नसे. दोन्हींतला फरक मला झोपेतही सांगता आला असता. आईनं विचारलं तेव्हा मी जागी होते आणि तरी सांगितला नाही.

आई अंगणवाडीत सेविका होती, नुकतीच निवृत्त झालेली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनं वजनकाट्यावर बसवलं होतं. डोस पाजायला ती उन्हातान्हात घरोघर गेली होती. कुणाची सून अडली, कुणाची पोर शाळेतून काढायचं चाललं, की आई तिथं हजर. सगळे तिला ‘बाई’ म्हणायचे. बाईंनी सांगितलं म्हणजे बघायचं कारण नाही, अशी तिची पत. लोकांच्या त्या विश्वासाला आता माझा होकार जोडला गेला होता, आणि हे मला ठाऊकही नव्हतं.

पुढचे काही महिने माझे फार चांगले गेले. गल्लीतून जाताना बाया ओट्यावरून उठून बोलायच्या. “काय मॅडम, चाललं का हापिस?” म्हणायच्या. कुणी भाजी आणून द्यायची, कुणी डब्यात धपाटे. मला वाटायचं, आपलं नाव झालंय. एका दुपारी घरी आले तर आमच्या ओट्यावर आठदहा बाया फोन घेऊन बसलेल्या, आणि आई चष्मा नाकावर ओढून एकीला दाखवत होती, “हितं दाब. आता हिरवं आलं का? आलं मंजी झालं.” मला इतकं कौतुक वाटलं की मी दारातूनच फोटो काढला. खाली लिहिलं, ‘माझी पहिली विद्यार्थिनी आता शिक्षिका झाली.’ मैत्रिणीला तो आवडला, तिनं तो आमच्या कंपनीच्या पानावर टाकला. कोणतं ॲप चाललंय, हे आम्हा दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही.

मग ॲपमधून पैसे निघायचे बंद झाले. आधी ॲपवाल्यांनी सांगितलं, सर्व्हरचं काम चालू आहे. मग म्हणाले, खातं पुन्हा सुरू करायला आणखी थोडे भरा. काहींनी तेही भरले. आई मला काही बोलली नाही. नंतर कळलं, तिला वाटत होतं की आमच्या ऑफिसातही तसंच काही बिघडलं असेल, उगाच पोरीच्या डोक्याला ताप नको.

एका सकाळी बाया ऑफिसात आल्या. या वेळी चपला कुणी काढल्या नाहीत. आई त्यांच्या मागून जिना चढत होती, धापा टाकत. आत माझ्यासमोर प्लॉटिंगवाले साहेब आणि त्यांचे भागीदार बसले होते.

शेजारच्या काकू सगळ्यांच्या पुढं होत्या. पदराची गाठ मुठीत धरून म्हणाल्या, “आमचे पैसे कवा निघणार?”

“कसले पैसे?”

“कसले म्हंजे? कॉइनचे. बाईंनी भरायला लावले ते.”

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तोच निळा पडदा आणि तेच फिरणारं नाणं. मला खिडकी आठवली, पेढे आठवले, सगळं एकदम आठवलं. विसरले होते असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

“हे आमचं नाही,” मी म्हणाले. “आमचा याच्याशी काही संबंध नाही.”

“न्हाई कसं? तुमच्याच पानावर हाय की.” दुसरीनं फोनवर तो फोटो उघडून दाखवला. ओटा, बाया, आईचा चष्मा, खाली आमच्या कंपनीचं नाव.

साहेबांनी भागीदाराकडं पाहिलं. मैत्रीण टेबलामागून माझ्याकडं बघत होती. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “आईनं मला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं की हे खोटं आहे.”

आई दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. अंगणवाडीत एखादं मूल खोटं बोललं की ती जरा थांबायची, तशी थांबली. मग बायांकडं वळून म्हणाली, “व्हय. म्या तिला इचारलं नव्हतं. माझं मीच केलं. तिला काय बी माहीत नाय.”

बाया आता तिच्याकडं वळल्या. जिन्यातून खाली जाईपर्यंत त्या तिला काय काय बोलत होत्या, ते वर ऐकू येत होतं. मी साहेबांना म्हटलं, “सॉरी, बसा ना.” ते बसले, आणि मी चहा मागवला. ती माझी सगळ्यात वाईट आठवण आहे. आई खाली रस्त्यावर शिव्या खात होती आणि मी चहात साखर किती, ते विचारत होते.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी तिला विचारलं, “तू असं का म्हणालीस?”

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “तुझं हापिस नवं हाय.”

मी तिचा फोन घेऊन बसले आणि ॲप उघडून पहिल्यांदा नीट पाहिलं. कंपनीचा पत्ता नव्हता. कुठल्या देशातली, कुणाच्या नावावर, काही नव्हतं. रोज ठरलेला नफा होता. तुम्ही आणलेल्या माणसानं आणलेल्या माणसाचाही हिस्सा तुम्हाला, आणि त्याच्या खालच्याचाही, असं रंगीत चित्रच काढलेलं होतं. नाणं दुसरीकडं कुठंच विकलं जात नव्हतं, त्याचा भाव फक्त त्या ॲपमध्येच दिसायचा. तव्यावरची भाकरी उतरायच्या आत माझं बघून झालं. उद्घाटनाच्या दिवशीही एवढाच वेळ लागला असता.

आईला घेऊन मी सायबर पोलिसांकडं गेले. तिथले अधिकारी सभ्यपणे बोलले. त्यांनी विचारलं, “मावशी, तुम्हाला हे खरं आहे असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाय साहेब. मलाच वाटलं.”

मी शेजारच्या खुर्चीत होते, आणि तिथंही गप्प बसले. ऑफिसात घाबरून तोंडातून गेलं असं म्हणता येईल. इथं मला विचार करायला भरपूर वेळ होता.

आईला माणसं जोडल्याचा जो काही हिस्सा मिळाला होता तो तिनं बायांना वाटून टाकला. तिचं स्वतःचं भरलेलंही त्यातच बुडालं होतं, पण ते कुणी धरलं नाही. बाई आमच्या जिवावर खात होत्या, असंच गल्लीत झालं. पौर्णिमेला विहारात खीर करायचं काम कित्येक वर्षं आईकडं होतं. त्या पौर्णिमेला बायांनी ते दुसरीला सांगितलं. आई विहारात गेली, मागच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामीच राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. पण रडण्यानं कुणाला काय कळणार होतं?

पुढच्या आठवड्यात मी शेजारच्या काकूंकडं गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आईनं मला विचारलं होतं, फोनही दाखवला होता. मी न बघताच हो म्हणाले.

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“आत्ता सांगती? तुझी माय इतके दिवस आमच्या शिव्या खाती. तवा कुटं होतीस?”

त्यांनी जुडी पुन्हा मांडीवर घेतली.

“आन मला एकटीला सांगून काय? मी एकटी आले होते का तुझ्या हापिसात?”

त्यांचं बरोबर होतं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले आणि तेच पुन्हा सांगितलं, कुठलाही इंग्रजी शब्द न वापरता. खोटी योजना कशी ओळखायची, तेही सांगितलं. सगळ्यांना कळलं. एक म्हातारी म्हणाली, “येवढंच हाय व्हय? मग तवाच असं सांगायचं की.” बाकीच्या सतरंज्या गुंडाळायला लागल्या. आई मधूनच उठून निघून गेली होती.

घरी आले तर ती पलंगावर बसून होती. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल.

“मला खोटं पाडलंस,” ती म्हणाली. “पोलिसासमोर बोलले म्या. समद्या बायांसमोर बोलले. आता त्या म्हणतील, बाई खोटं बोलती.”

“पण आई, चूक माझी होती.”

“व्हती ना. म्या घेतली होती की अंगावर. मला इचारून तर सांगायचं.”

हे मला सुचलंच नव्हतं. माझं ओझं उतरवायच्या घाईत मी पुन्हा एकदा तिच्याकडं न बघताच पुढं गेले होते. त्या दिवसापासून काही आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

प्लॉटिंगवाले साहेब दुसरीकडं गेले. आमच्या पानावरचा तो फोटो आम्ही काढून टाकला, आणि रेफरलची सूटही बंद केली. त्या सवलतीत वावगं काही नव्हतं, पण तो शब्द ऑफिसात नको झाला. मैत्रीण बरेच दिवस माझ्याकडं पारखून बघायची. भागीदारी मात्र तिनं मोडली नाही. आता आम्ही जास्त करून कर भरण्याचंच काम करतो. पहिल्यासारखी भाषणं मी करत नाही.

विहारातल्या बायांपैकी काहीजणी आईशी बोलायला लागल्या. माझ्याशी फारशा नाही, आणि ते ठीकच आहे.

परवा पोलिसांचा फोन आला. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांतलं एक गोठवलं आहे, मिळाले तर कोर्टामार्फत थोडेफार परत मिळतील, प्रत्येकीचे कागद लागतील. आईनं साडीचा पदर खोचला, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, “चल. फारम तू भर, बोलायचं मी बघते.”

गल्लीतल्या पहिल्या घरी दार उघडलं. घरातल्या बाईनं आईला आत घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि दार लोटून घेतलं. आतून आईचा आवाज येत होता, आधार कार्ड कुठंय, पासबुक आण, घाबरू नको. मी बाहेर ओट्यावर बसले आणि ती कागद घेऊन बाहेर यायची वाट बघत राहिले.